नेम

आपल्या भाषेत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एकादशी न चुकविणाऱ्या आजीबाईंचा नेम असतो, आणि कैरीवर धोंडा भिरकावणाऱ्या पोराचाही नेम असतो. एक नित्याच्या आचरणाचा, दुसरा हाताडोळ्यांचा. या दोहोंचे नाते आम्हांस उमगले ते अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात, एका नव्या शिकारी रायफलीच्या सहवासात!

आम्ही स्वतः बंदूक कधी हाती धरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीस बंदी झाली, आणि आमच्या माळकरी घरात त्यापूर्वीही कोणी त्या वाटेस गेले नव्हते. तिकडे मात्र परवाना काढून ठरल्या मोसमात हरणाची शिकार करता येते. आमच्या कन्येचे शेजारी, एक वृद्ध गृहस्थ, मोसमापूर्वी आपली नवी रायफल ‘लावून’ घेण्यास चांदमारीच्या मैदानावर निघाले, तेव्हा पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून आम्हांसही त्यांनी सोबत नेले.

रायफल विकत घेतली, तिजवर दुर्बीण चढविली, की काम झाले, असे वाचकांस वाटेल. खरे काम तेथूनच सुरू होते. गृहस्थांनी प्रथम दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू एकेक करून तपासले. मग नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून कागदाची एक पट्टी सरकविली. ओलाव्याने फुगलेले लाकूड नळीस रेटू लागले तर गोळीची वाट बदलते. पुढे बोल्ट काढून रिकाम्या नळीतून पंचवीस वारांवरचे लक्ष्य पाहिले, आणि दुर्बिणीतील फुली त्याच बिंदूवर आणली. मग वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, आधी जवळून व नंतर शंभर वारांवरून, तीन तीन गोळ्या झाडल्या.

शंभर वारांवरची तिन्ही छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ होती, पण मध्यापासून तीन इंच डावीकडे. तरीही गृहस्थांचा चेहरा खुलला. दुर्बिणीची कळ एका टिचकीस शंभर वारांवर पाव इंच सरकते. बारा टिचक्या दिल्या की काम झाले. दोनशे वारांवर गोळी मध्यात बसावी म्हणून शंभरावर ती सुमारे दोन इंच वर ठेवली, कारण गुरुत्वाकर्षण कोणासही सूट देत नाही. दर तीन गोळ्यांनंतर नळी निवेपर्यंत ते स्वस्थ बसत. रानात हरणावर सुटणारी पहिली गोळी थंड नळीतूनच सुटावयाची असते.

प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांस दोन प्रकारच्या त्रुटी शिकवितो, एक नियमित आणि एक अनियमित. नियमित त्रुटी टिचकीने दूर होते. विखुरलेल्या छिद्रांस कोणती टिचकी पुरी पडणार? म्हणून आधी सातत्य, मग अचूकपणा. पहिला नेम असेल तरच दुसरा साधतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “जखमी होऊन पळालेले हरीण रात्रभर कोठेतरी तडफडते. ते मला नको.”

आम्हांस जिम कॉर्बेटची आठवण झाली. १९०७ साली त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे खाल्ल्याचे सांगतात. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. बंदुकीच्या जुन्या जखमेमुळेच तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारता येईनासे झाले, असे कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. नेम चुकला कोणा अज्ञाताचा, आणि त्याची किंमत भरली नेपाळ-कुमाऊँच्या खेड्यांतील गोरगरिबांनी.

जीव घ्यावा की न घ्यावा, याविषयीचे आमचे मत काही बदलले नाही. परंतु जे कृत्य मागे घेता येत नाही, ते करणाऱ्याने आपले साधन आधी शंभरदा पारखावे, हे मात्र मनोमन पटले. शस्त्रवैद्याचा चाकू, न्यायाधीशाची लेखणी, आणि उत्तरपत्रिकेवर फिरणारी आमच्यासारख्यांची लाल पेन्सिलदेखील याच जातीची आहे.