सोदेवाबाई रात्री जागी असते

सोदेवाबाईचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या माळेत आहे. ती माळ घेऊनच ती जन्मली. सवत माळ पळवते, आणि ती माळ दुसऱ्या गळ्यात असते तेवढा वेळ सोदेवाबाई निष्प्राण पडून असते. रात्री माळ उतरवून ठेवली की ही उठून बसते. जिथं तिला ठेवलेलं असतं त्या समाधीत, एकटी. तिथंच तिला मुलगा होतो. नवरा समाधीपाशी येतो, इतके दिवस उलटूनही तिचा चेहरा तसाच टवटवीत बघून झुरतो. पण ती रात्री जागी असते, हे त्याला पुष्कळ काळ कळत नाही.

मी जुन्या गोष्टी पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी नव्यानं लिहिते, आणि प्रेमकथा म्हणून लिहिते. हे काम कसं करायचं ते मला सगळ्यात जास्त या एका गोष्टीनं शिकवलं.

ती छापली गेली 1868 साली, लंडनमध्ये, ‘ओल्ड डेक्कन डेज’ या पुस्तकात. लिहून घेणारी मेरी फ्रेअर ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी. 1865-66च्या हिवाळ्यात वडिलांच्या दख्खनच्या दौऱ्यावर ती बरोबर होती, आणि तिच्या दिमतीला अ‍ॅना लिबेराटा डिसोझा नावाची आया होती. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत. आजोबा गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथं ख्रिस्ती झाले. गोष्टी अ‍ॅनाला आजीकडून मिळाल्या होत्या. धर्म बदलला, गाव बदललं, नवरा गेला, पोटचा मुलगा बुडून गेला, आणि तरी आजीच्या गोष्टी तिच्यापाशी शाबूत राहिल्या. पुस्तकाच्या सुरुवातीला तिची स्वतःची हकिकतही आहे. गोष्ट सांगणाऱ्या बाईचं आयुष्य तिच्या गोष्टींच्या आधी छापावं असं मेरी फ्रेअरला वाटलं, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

सोदेवाबाई बोलायला तोंड उघडते तेव्हा मोती आणि रत्नं पडतात. फुलं वेचताना तिची जडावाची एक मोजडी डोंगरावरून खाली निसटते, ती एका राजपुत्राच्या हाती लागते आणि तो हिला शोधून काढतो. इथपर्यंत ही सिंड्रेला आहे. पण शार्ल पेरोनं 1697 साली छापलेल्या फ्रेंच गोष्टीत काचेचा बूट पायात बसला की सगळं संपतं. दख्खनच्या गोष्टीत मोजडी बसल्यावर खरी गोष्ट सुरू होते. लग्न झालं, आता पुढं काय?

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपल्या गोष्टींत लग्न शेवटी येत नाही, मध्यावर येतं किंवा पहिल्याच ओळीत होऊन गेलेलं असतं. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीची कहाणी आठवा. राजाच्या सुना, त्यांतली एक नावडती. तिला उष्टं खायला, गोठ्यात निजायला. म्हणजे राखेत बसणारी ती परदेशी मुलगी आपल्याकडं सून होऊन गोठ्यात बसलेली आहे. नागपंचमीच्या कहाणीत धाकट्या सुनेला माहेर नाही, म्हणून ती नागोबालाच आपलं माहेर मानते, आणि तो माणसाचं रूप घेऊन, मामा म्हणून तिला न्यायला येतो. कुणीतरी आपल्याला न्यायला यावं, ही आपल्या कहाण्यांतल्या तरुण मुलीची सगळ्यात खोल ओढ आहे. येणारा राजपुत्र असतो असं नाही. बहुतेक वेळा तो भाऊ असतो, मामा असतो, देव असतो.

मग या गोष्टींमध्ये प्रेमकथा आहे कुठं? मी म्हणते, आहे. पण ती बाहेरून आणून चिकटवायची नसते. गोष्ट जिथं उडी मारून पुढं जाते, तिथं ती दडलेली असते. ‘दिवसामागून दिवस गेले’ एवढं म्हणून गोष्ट पुढं निघते. मी त्या दिवसांत थांबते. ‘तिला मुलगा झाला’ या तीन शब्दांत समाधीतलं एक अख्खं बाळंतपण आहे: अंधार, भूक, उजाडेल तसा हातपायांतून जाणारा जीव, आणि तान्ह्याला दिवसभर कोण बघेल ही भीती. हे लिहायला मला पानंच्या पानं लागली. तोंडी सांगणाऱ्याला त्याची गरज नसते, कारण समोर ऐकणारा असतो. आमच्या घरी हुंकारी भरल्याशिवाय आजी पुढं सरकत नसे. ती थांबायची, आम्ही ‘हूं’ म्हणायचो, आणि तेवढ्या अवकाशात ज्यानं त्यानं आपापली भीती आणि आपापला आनंद भरून घेतलेला असायचा. कागदावर हुंकारी नाही. ती जागा लिहिणाऱ्यानं भरायची असते, आणि पूर्ण भरायचीही नसते. वाचणाऱ्या मुलीला आपलं काही ठेवायला कोपरा राहिला पाहिजे.

जगात या प्रकारच्या लेखनाची मोठी परंपरा आता उभी आहे. रॉबिन मॅकिन्लेची ‘ब्यूटी’ 1978ची. मरिसा मायरची ‘सिंडर’ 2012ची. तिच्यातली नायिका यंत्रं दुरुस्त करते आणि तिचा एक पाय धातूचा आहे. मला सगळ्यात जवळची वाटते ती गेल कार्सन लेव्हिनची ‘एला एन्चॅन्टेड’, 1997ची. जन्मल्या जन्मल्या एलाला एका परीकडून आज्ञाधारकपणाचं वरदान मिळतं, आणि तेच तिचा शाप होतं. कुणीही काहीही करायला सांगितलं की तिला ते करावंच लागतं. शेवटी ज्याच्यावर तिचा जीव आहे त्यालाच, त्याच्या भल्यासाठी, ती नाही म्हणते, आणि त्या नकारानं शाप तुटतो. सिंड्रेला इतकी निमूट का होती, या एका प्रश्नातून अख्खी कादंबरी उभी राहिली आहे. मी हे कथानक हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावातल्या अकरावी-बारावीच्या मुलींना सांगितलं तेव्हा कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. आज्ञाधारकपणा हा शाप असू शकतो, हे त्यांनी घरोघरी पाहिलेलं आहे.

मराठीत या वयाचं कपाट अर्धं रिकामं आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, साहस आहे, विज्ञानकथा आहेत. ‘किशोर’ मासिक 1971पासून चालू आहे. प्रेमाचं नाव काढलं की मात्र आपण मुलांना एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडं पाठवतो, नाहीतर सिनेमाकडं सोडून देतो. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 साली आली आणि त्या वयाचं पहिलं प्रेम किती गंभीरपणे लिहिता येतं ते तिनं दाखवलं. पण ती मुकुंद या मुलाच्या नजरेतून आहे. त्याला आवडणारी शिरोडकर दुरून दिसते, तिच्या मनात काय चाललं आहे ते आपल्याला मुकुंदाइतकंच कळतं. कादंबरीला तेच हवं होतं. मला मात्र शिरोडकरच्या बाजूला बसून लिहायचं होतं.

हे गोरेगावात बसून लिहिण्याला अर्थ आहे. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, हिंगोली जिल्ह्याच्या वाशिमकडच्या अंगाला. सोयाबीन, तूर, हळद. इथं मुलगी बारावी झाली की घरात तिच्या लग्नाचा विषय निघतो, काही घरांत त्याच्या आधीच निघतो. कायद्यानं अठरा हे वय ठरवलेलं असलं, तरी ‘तुला कोण आवडतं’ हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो. प्रेमकथा उघड वाचली तर घरात चार प्रश्न होतात. राजाराणीची गोष्ट वाचली तर कुणी काही म्हणत नाही. जुन्या गोष्टीच्या आडोशानं त्या मुलींना आपल्या मनातलं बोलता येतं, म्हणून मला जुन्या गोष्टीच हव्यात, आजच्या कॉलेजातली कथा नको.

आणि प्रेमाचं बोलणं या मातीला परकं नाही. सातवाहनांचं पैठण आमच्याच मराठवाड्यात आहे. सातवाहन राजा हालाच्या नावानं असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, तिच्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत. शेतावरच्या, नदीकाठच्या, वाट बघणाऱ्या, रुसलेल्या बायका. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठीत सविस्तर संपादून दिली. गुणाढ्याची दंतकथाही त्याच दरबारातली. सात लाख श्लोकांची बृहत्कथा राजानं नाकारली, तेव्हा रानात अग्नी पेटवून एकेक पान जनावरांना वाचून दाखवत त्यानं ती जाळली. सहा लाख जळाले. वाचला तो नरवाहनदत्ताच्या कथेचा एक लाखाचा भाग, कारण तो त्याच्या शिष्यांना आवडायचा. तरुण ऐकणाऱ्यांच्या आवडीनं वाचलेली ती गोष्ट राजपुत्राच्या पराक्रमांची आणि त्याच्या प्रेमांची होती. मला यातून फार बळ मिळतं.

सोदेवाबाई लिहायला घेतली तेव्हा पहिला पेच नवऱ्याचा होता. सोपा मार्ग समोर होता: समाधीशेजारच्या शेतात एक जागल्या ठेवायचा. आमच्याकडं रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून माणसं रात्रभर शेतात जागलीला असतात. रब्बीत रात्रीची लाइट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. अशा जागल्याला ती उठून बसलेली दिसणार, तो तिचं ऐकणार, आणि प्रेम जुळणार. याला आधारही थोर आहे. विजयदान देथांच्या ‘दुविधा’त परगावी गेलेल्या नवऱ्याचं रूप घेऊन भूत येतं, मणि कौल यांनी 1973 साली आणि अमोल पालेकरांनी ‘पहेली’ म्हणून 2005 साली त्यावर चित्रपट केले. गिरीश कर्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये नवऱ्याच्या रूपात नाग येतो. दोन्हीकडं लग्नाच्या बाईला तिच्या मनासारखं माणूस मिळतं, पण ते मूळ माणूस नसतं. दोन्ही कलाकृती मला वंदनीय आहेत.

मी तो मार्ग घेतला नाही. मला वाटलं, मूळ गोष्टीतच सगळं आहे. नवरा येतो आहे. तो रडतोही आहे. फक्त चुकीच्या वेळी येतो. सुंदर, गप्प पडलेल्या बायकोवर प्रेम करणं त्याला जमतं. जागी असलेली, भुकेली, रागावलेली बायको त्यानं पाहिलेलीच नाही. म्हणून माझ्या कथेत तो स्वतः जागलीला येतो. राजवाडा सोडून, कांबळं घेऊन. पहिल्या रात्री ती उठते तेव्हा भेटीचा आनंद लिहायचा मोह मी टाळला. ती त्याला आधी विचारते की एवढे दिवस तू दिवसाच का आलास. त्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही, आणि कथेतलं प्रेम तिथून सुरू होतं. तोवर ती त्याला ‘अहो’ म्हणते. त्या रात्री पहिल्यांदा एकेरीवर येते. मराठी प्रेमकथेत हे वळण कुठं घ्यायचं ते फार जपून ठरवावं लागतं. आधी घेतलं तर उथळ वाटतं, उशिरा घेतलं तर त्या दोघांमध्ये कधी जवळीक झालीच नाही असं वाटतं.

निजलेल्या राजकन्येच्या गोष्टीत हे जास्तच जपावं लागतं. पेरोच्याही आधी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इटलीत जांबातिस्ता बासीलेनं लिहिलेल्या रूपात तालिया नावाची राजकन्या निजलेली असते आणि राजा त्या अवस्थेतच तिचा भोग घेऊन निघून जातो; तिला जुळं होतं तेव्हाही ती झोपेतच असते. नंतरच्यांनी ते एका चुंबनावर आणून ठेवलं. मी मुलींसाठी लिहिते, तेव्हा निजलेल्या मुलीला कुणीही हात लावणार नाही हे मी स्वतःशी पक्कं केलेलं आहे. या बाबतीत अ‍ॅनाच्या आजीची गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा शहाणी वाटते, कारण तिच्यात राजकन्या कुणाच्या स्पर्शानं उठत नाही. तिचा जीव तिच्या स्वतःच्या वस्तूत आहे. ती वस्तू परत मिळाली की झालं.

दुसरा पेच सवतीचा, आणि तो अजून सुटलेला नाही. दोन बायकांचा नवरा सतरा वर्षांच्या मुलीला नायक म्हणून कसा पटावा? थोरलीला काढून तिथं एखादी चेटकीण बसवली असती तर काम भागलं असतं. पण मग गोष्टीतलं खरं दुःख पुसलं गेलं असतं. ती का जळते हे गोष्ट सांगत नाही, कारण ऐकणाऱ्या बायकांना ते ठाऊक होतं. मी थोरलीला ठेवलं. खर्डा वाचून इथल्या एका मुलीनं मला विचारलं, “बाई, थोरलीला त्यानं इचारलं होतं का, दुसरी आणायच्या आधी?” मूळ गोष्टीत विचारलेलं नाही. माझ्या खर्ड्यातही नव्हतं.

आता मी थोरलीचा प्रसंग लिहिते आहे. मोजडी वाड्यात येते तो दिवस. राजपुत्र मोजडी हातात धरून बघत बसला आहे, सगळा वाडा त्या मोजडीच्या मालकिणीबद्दल बोलतो आहे, आणि थोरली दारात उभी आहे. तिच्या तोंडी पहिलं वाक्य काय द्यायचं ते अजून ठरायचं आहे. ते रागाचं नको, रडणंही नको. ती त्याला काहीतरी विचारते, एवढं मला माहीत आहे.