मनीचे औषध

जांबोटीसारख्या गावात मांजर विकत आणावे लागत नाही. भाताची कणगी आणि तिच्याभोवतीचे उंदीर यांच्या मागोमाग ते आपणच येते. आमची मनी अशीच आली आणि चौदा वर्षे राहिली. पावसाळ्याच्या तोंडावर ती दुप्पट खाऊ लागली आणि खाऊनही वाळू लागली. पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा रिते होई, केस पिंजारलेले दिसत, आणि मध्यरात्री माजघरात उभी राहून ती असा टाहो फोडी, की सौ. उठून दिवा लावीत. चार किलोंची मांजर पावणेतीन किलोंवर आली. शेजारच्या आजींनी दृष्ट काढून पाहिली. शेवटी मलप्रभेवरचा कुसमळीचा पूल ओलांडून आम्ही तिला बेळगावी नेले. पशुवैद्यांनी गळा चाचपला, मिनिटाला २४० ठोके मोजले आणि रक्त तपासणीस धाडले. थायरॉईड ग्रंथी बेसुमार काम करीत होती.

आमच्या पिढीला या ग्रंथीची ओळख झाली ती गलगंडामुळे. अन्नातील आयोडीन कमी पडले की ती फुगते. म्हणून केंद्र सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले. मनीचे दुखणे याच्या अगदी उलट. ग्रंथीत गाठी होतात, बहुधा साध्याच, आणि मेंदूकडून येणारा हुकूम न जुमानता त्या संप्रेरक तयार करीत सुटतात. वरिष्ठांचा हुकूम न मानणारे कर्मचारी सरकारी नोकरीत आम्ही पुष्कळ पाहिले. हुकूम मोडून जास्त काम करणारे मात्र येथेच प्रथम आढळले. मांजरांतील हा रोग अमेरिकेतील पशुवैद्यांनी १९७९-८० च्या सुमारास प्रथम नोंदविला. आज तो वृद्ध मांजरांचा नेहमीचा आजार गणला जातो.

उपाय चार. विलायतेत राहणाऱ्या आमच्या भाचीचा आग्रह किरणोत्सर्गी आयोडीनचा होता. आयोडीन-१३१ एकदाच टोचायचे; ते रक्तातून ग्रंथीत जाते, तेथील माजलेल्या पेशी जाळते आणि बाकीच्या शरीराला फारसा धक्का लावीत नाही. दहांपैकी नऊहून अधिक मांजरे त्याने कायमची बरी होतात. चिरंजीवांनाही हेच पटले होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून माणसांच्या थायरॉईडवर या द्रव्याने उपचार होत आले आहेत, आणि त्याच परळात १८८६ चे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मांजरीला हे इंजेक्शन देऊन नंतर काही दिवस एकटे कोंडून ठेवील, तिचे मलमूत्रही नियमानुसार सांभाळील, असे आवाक्यातील एकही ठिकाण आमच्या डॉक्टरांना सांगता आले नाही. या द्रव्याचा जोर निम्म्यावर यायलाच आठ दिवस लागतात.

शस्त्रक्रियेचा विचार फार वेळ टिकला नाही. दहांपैकी सुमारे सात मांजरांत ग्रंथीच्या दोन्ही बाजू बिघडलेल्या असतात. शेजारच्या इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातील कॅल्शियम घसरते. धावत्या हृदयाला भूल देणे हा धोका वेगळाच. कमी आयोडीनचे खास अन्न परदेशात मिळते, पण ते लागू पडते केवळ तेच खाल्ले तर. चोर्ला घाटातून गोव्याची मासळी ज्या गावात येते, जेथे दर दुसऱ्या परसात सुकट वाळत असते आणि चारही घरे मनीला आपली वाटतात, तेथे हे पथ्य कोण पाळणार?

राहिली गोळी. कार्बिमाझोल माणसांसाठी औषधांच्या दुकानात मिळते. ते रोग बरा करीत नाही, नुसता लगाम घालते, म्हणून चिरंजीवांना तो कमीपणा वाटला. आमचे मत मात्र डॉक्टरांच्या एका वाक्याने ठरले. थायरॉईडच्या जोरामुळे मूत्रपिंडांतून रक्त वेगाने वाहते आणि दुबळी मूत्रपिंडेही तपासणीत धडधाकट दिसतात. हा जोर ओसरला की त्यांची खरी अवस्था उघडी पडते. इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही; गोळी कमी करता येते, थांबविताही येते. चौदा वर्षांच्या जिवाला कायमच्या उपायापेक्षा मागे फिरता येणारा उपाय अधिक मानवेल, असे आम्ही ठरविले. सौ. म्हणाल्या, "तिला मुंबईच्या पिंजऱ्यात ठेवून बरी करण्यापेक्षा इथेच चुलीपाशी राहू दे." आमच्या युक्तिवादाला लागलेला वेळ त्यांना लागला नाही.

पाच मिलिग्रॅमची अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी. सूनबाईंना दिवस गेले होते. हे औषध पोटातील गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून गोळी आणि मनीची राख भरलेली पाटी, दोन्हींना त्यांनी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. पहिल्या आठवड्यात मनीने दोनदा ओकारी काढली. तोंडाभोवती खाज सुटून खपल्या धरल्या, तर औषध सोसत नाही असे समजा, असे डॉक्टरांनी बजावले होते. रोज सकाळी उजेडाला नेऊन आम्ही तिचे तोंड पाहत असू. खपल्या धरल्या नाहीत.

महिन्याने पुन्हा रक्त काढले. थायरॉईडचा आकडा आटोक्यात आला होता. क्रिएटिनिन थोडे चढले होते, पण भिण्याइतके नाही. गोळी आहे तेवढीच ठेवली. वजन सव्वातीन किलो भरले. रात्रीचा टाहो थांबला, सौ.ना मात्र दोन वाजता अजून जाग येते. सकाळची मात्रा त्या सुकटीच्या चुऱ्यात देतात, संध्याकाळची आम्ही लोण्याच्या गोळीतून. लोणी चाटून औषध तेवढे जमिनीवर ठेवण्याचे कसब मनीने आत्मसात केले आहे, म्हणून तिचे तोंड हलायचे थांबेपर्यंत आम्ही शेजारी बसून राहतो.