आधी तोंड बघते

बबडी पडली की लगेच रडत नाही. आधी वर बघते. श्वास आत घेतलेला, खालचा ओठ किंचित पुढे आलेला आणि डोळे माझ्या तोंडावर. तेवढ्या वेळात माझ्या चेहऱ्यावर काय उमटतं, त्यावर पुढचा कार्यक्रम ठरतो. माझ्या भुवया वर गेल्या की भोंगा सुरू. "मुंगी मेली वाटतं!" म्हणत मी जमीन न्याहाळायला लागलो, की तीही ओणवी होऊन मुंगी शोधते. खरंच लागलेलं असेल तर मात्र ही विचारपूस नसते, थेट टाहो.

दिवाळीच्या सुमारास ती वर्षाची होईल. आम्ही रत्नागिरीत राहतो. घर जुनं आहे. पुढे ओटा, तीन पायऱ्या उतरल्या की जांभ्याचं अंगण. बायको बँकेत जाते. मी घरी बसून प्रकाशकांची प्रुफं तपासतो, त्यामुळे दिवसाची पाळी माझी आणि माझ्या आईची. याला शेजारीपाजारी 'बायकोला मदत करतो हो' असं कौतुकानं म्हणतात. बायको संध्याकाळी सहा ते सकाळी आठ तिला सांभाळते, तेव्हा ती कुणाला मदत करते, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. असो.

या वयाच्या मुलांच्या अंगात एकदम पुष्कळ गोष्टी येतात. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमते, म्हणून फरशीवर सांडलेला मोहरीचा दाणाही सुटत नाही. दिवाणाला, टेबलाला धरून कडेकडेनं चालता येतं. बोट दाखवता येतं. आपण मात्र 'आज काय नवीन' याचा हिशेब ठेवतो आणि आणखी एक गोष्ट नजरेतून निसटते. ती आता विचारायला लागली आहे. पूर्वी ती तोंडाकडे बघायची ते बघायचं म्हणून, पंख्याकडे बघावं तसं. आता वस्तूकडे बघते, मग माझ्याकडे, मग पुन्हा वस्तूकडे. हे काय आहे? याला हात लावू का? हे भ्यायचं आहे की हसायचं?

ओट्याच्या कडेशी हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. रांगत कडेपर्यंत येते, एक हात खाली सोडून अंदाज घेते आणि मान वळवते. पायरी वीतभर खोल, म्हणजे धड उतारही नाही आणि धड कडाही नाही. नेमका असाच प्रसंग अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम घडवून पाहिला होता. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० च्या सुमारास एक टेबल केलं होतं. वरून सलग काच, पण अर्ध्या भागात काचेखालची चौकटीची जमीन खोल गेलेली दिसायची. रांगणारी बहुतेक मुलं त्या खोल बाजूला जायला तयार होत नसत. पुढे जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी ती खोली फूटभरच ठेवली, भीती वाटावी की नाही असा संभ्रम पडेल इतकी. पलीकडे आई उभी. आईनं चेहरा हसरा ठेवला तेव्हा वर्षाच्या १९ मुलांपैकी १४ जण काच ओलांडून गेली. आईनं भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. हा लेख १९८५ सालचा. तो वाचला त्या दिवसापासून मला माझ्याच चेहऱ्याचं ओझं व्हायला लागलं.

म्हणजे पालीचंच घ्या. कोकणातल्या घरात पावसाळ्यात पाल नसली तर आश्चर्य. ट्यूबलाइटच्या मागे एक कायमची आहे. बबडीनं बोट दाखवायला सुरुवात केली ती जवळजवळ या पालीपासूनच. हात ताणून, तर्जनी पुढे काढून, "आऽ!" आणि मग नजर आमच्याकडे. आता माझ्या बायकोला पालीची भीती म्हणजे साधीसुधी नाही. खोलीत पाल असेल तर ती उंबऱ्यावरून माघारी फिरते. पण मुलीचं बोट वर गेलं की ही बाई भिंतीला पाठ टेकून, दोन्ही मुठी आवळून, "होऽ, पाऽल! छान छान!" असं म्हणते. आवाज गोड, तोंड हसरं, मान ताठ. मी इतका अभिनय रंगभूमीवरही पाहिलेला नाही. मुलीला त्यातलं किती समजतं कोण जाणे, कारण ती पालीकडे बघून हसते आणि मग आईच्या मुठींकडे बराच वेळ बघत राहते.

चेहरा खोटाही असू शकतो हे तिला कळायला लागलंय, असा मला संशय आहे. चार्ल्स डार्विननं आपल्या पहिल्या मुलाची, १८३९ साली जन्मलेल्या विल्यमची, बारीकसारीक टिपणं ठेवली होती. त्यावरचा लेख १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात छापून आला. त्यात एक नोंद आहे. मुलगा सहा महिने अकरा दिवसांचा असताना दाईनं खोटं खोटं रडून दाखवलं आणि पोराचं तोंड पडलं, ओठांचे कोपरे खाली वळले. माझ्या आईनं डार्विन वाचलेला नाही, पण हा प्रयोग ती रोज करते. डोळ्यांना पदर लावते, "आता आजी रडणार हं" म्हणते आणि हुंदके देते. उन्हाळ्यात बबडीचं तोंड अगदी विल्यमसारखं पडायचं. आता ती रांगत जाते, पदर ओढून बाजूला करते, आत डोकावते आणि खिदळते. आजीचं पितळ उघडं पाडायला तिला भारी आवडतं.

आजीचं उघडं पडतं, तर मग आमचंही पडत असणार. सकाळी साडेआठला बायको निघते. या वयात आई नजरेआड झाली की मुलं बिथरतात, हे पुस्तकंही सांगतात आणि शेजारच्या काकूही. माझ्या आईचा सल्ला जुनाच: तिचं लक्ष चुकवून निसटायचं. "चिऊ बघ, चिऊ" म्हणून मी खिडकीशी न्यायचं आणि तेवढ्यात बायकोनं मागच्या दारानं जायचं. बायको ऐकत नाही. ती दारात उभी राहते, पापा घेते, "आई भुर्र, संध्याकाळी येणार" असं सांगते आणि टाटा करून जाते. बबडी रडते. मागच्या दारानं गेली असती तर तेव्हा रडली नसती, पण दिवसभर प्रत्येक दाराकडे बघत राहिली असती असं बायकोचं म्हणणं. यात कोण बरोबर हे ठरवणं सोपं नाही. माझा कौल बायकोला आहे, पण रडणं कडेवर घेऊन उभं राहायची वेळ माझ्यावर येते, त्यामुळे काही सकाळी मी मनातून आईच्या पक्षात असतो.

स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला की बबडी बंद दाराकडे बघते आणि मग माझ्याकडे. आता ही घटना किती मोठी आहे हे तिला माझ्याकडून हवं असतं. मी सांगतो: काही विशेष नाही, रोजचंच आहे, चल नाचणीचं सत्त्व खाऊ. तोंडानं सांगणं सोपं. पण रात्रभर दातांच्या शिवशिवीनं तिनं जागवलेलं असतं, एक प्रकाशक तीनशे पानांसाठी मागे लागलेला असतो आणि मलाही आतून ते दार उघडावंसं वाटत असतं. तेव्हा जो चेहरा माझ्याकडे शिल्लक असतो तोच तिला मिळतो.

त्याहून अवघड चेहरा प्रुफांचा. काम करताना माझं तोंड कसं दिसतं हे मला तिनं दाखवलं. ती येऊन गुडघ्याला धरून उभी राहते, एक आवाज काढते, थांबते. मग मोठा आवाज. मग कागदावर फटका. मग चष्मा. शेवटी पाठ फिरवून दाराच्या बिजागरीशी खेळत बसते. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात आयांना काही मिनिटं निर्विकार चेहरा ठेवायला सांगून हीच पायरी पायरीनं होणारी धडपड टिपली होती: आधी हसून बघणं, मग हातवारे, मग रडकुंडी, मग तोंड फिरवणं. ती मुलं बबडीपेक्षा पुष्कळ लहान होती. त्या आयांना तो चेहरा मुद्दाम करावा लागला. आमच्याकडे तो ऱ्हस्व-दीर्घ तपासताना आपोआप होतो आणि मोबाइल हातात असेल तर तपासायला काही नसतानाही होतो.

संध्याकाळी आई दृष्ट काढते. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आल्यागेल्याची, पापी लोकांची असं पुटपुटत बबडीवरून ओवाळते आणि चुलीत टाकते. तडतडलं की समाधान. मी एकदा म्हटलं, आज तर घरी कुणीच आलं नव्हतं. आई म्हणाली, "सगळ्यात जास्त दृष्ट आईबापाचीच लागते." तिचा अर्थ कौतुकाच्या नजरेचा होता. माझा दृष्टीवर विश्वास नाही, पण आईबापाच्या नजरेचं मुलावर काहीतरी होतं एवढं आता मी मान्य करतो. ते मिठानं उतरत नाही, इतकंच.

या सगळ्याची दुसरी बाजू मला उशिरा दिसली आणि तिनं माझं ओझं पुष्कळ हलकं केलं. सोर्स आणि मंडळींनी खोली काढून टाकून, सपाट काचेवरही मुलांना रांगायला लावलं होतं. तिथे मुलांनी आईच्या चेहऱ्याकडे फारसं बघितलंच नाही. शंका नव्हती, तर विचारायचं कशाला? बबडीही तशीच. नऊ महिन्यांची असताना गोवर-रुबेलाची लस द्यायला नेली, तेव्हा मी अत्यंत शांत, धीरगंभीर मुद्रा करून बसलो होतो. सुई दंडात गेली आणि तिनं माझ्याकडे एकदाही न बघता छप्पर डोक्यावर घेतलं. नाचणीचं सत्त्व थुंकताना ती माझा कौल घेत नाही. माझ्या मावसबहिणीनं सावंतवाडीहून लाकडी पांगुळगाडा आणला. तो ढकलताना पहिल्या दिवशी तिनं चार पावलांत चारदा मागे वळून पाहिलं. परवा ओटाभर फिरली, एकदाही पाहिलं नाही. मी मात्र शेवटपर्यंत प्रोत्साहनाचा चेहरा धरून उभा होतो आणि गालफडं दुखायला लागली.

वाढदिवसाला औक्षण करायचं ठरलंय. निरांजनाची ज्योत बघून ती आमच्याकडे बघेल, अशी आशा बायकोला आहे. मला नाही. समईकडे ती ज्या निश्चयानं झेपावते त्यात शंकेला जागा नाही. त्यामुळे त्या वेळी तिचे दोन्ही हात कुणी धरायचे यावर घरात खल चाललाय. आई म्हणते, मांडीवर घेईल त्यानं. मांडीवर मीच घेणार, आणि परवापासून तिला एका हातानं आवरता येत नाही.