बाबांची पंप ॲक्शन

माझ्या बाबांकडे बारा बोअरची एक पंप ॲक्शन बंदूक आहे. तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनलेली, सेकंडहँड. बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि एका बँकेत गार्डच्या नोकरीला लागले. स्वतःची परवान्याची बंदूक असलेल्या माजी सैनिकाला तसली नोकरी लवकर मिळते, म्हणून त्यांनी ती नागपूरच्या एका दुकानातून घेतली होती. आधीचा मालकही गार्डच. थोडक्यात, या बंदुकीचं सगळं आयुष्य बँकेच्या दाराशी, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर गेलं. नोकरी संपल्यावर ती वडशाच्या घरी रेक्झिनच्या कव्हरात घालून लोखंडी कपाटात ठेवली, आणि सात पावसाळे ती तिथेच राहिली.

गेल्या वर्षी बाबांना सत्तर पूर्ण झाली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी गाठलेला परवानाधारक हयातीतच आपलं शस्त्र वारसाच्या नावे करायला अर्ज करू शकतो. वारसाला परवाना मात्र स्वतःचा काढावा लागतो. वारस मी एकटीच. मी भामरागड तालुक्यात शिकवते आणि हेमलकशात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते.

‘जंगलात एकटी रायतेस. घरात काही पायजे का नाही?’ बाबा म्हणाले.

‘आधी नीट तर करून आणू बाबा, मग बघू.’

त्यांची भीती उगाच नव्हती. वडशाच्या जंगलपट्ट्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारणारा ‘सीटी-१’ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला, तोवर आमच्याकडे संध्याकाळी बांधावर कुणी थांबत नसे. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडकडून रानटी हत्ती जिल्ह्यात उतरले होते. ज्या माणसाने हे सगळं आपल्या धुऱ्यावर पाहिलं, त्याला भामरागडच्या जंगलातली लेक रात्री डोळ्यांसमोर येणारच. (वाघ पकडला तो भुलीच्या इंजेक्शनने, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.)

नागपूरच्या कारागिराने बंदूक हातात घेतल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती रिकामी आहे का ते पाहिलं. आम्ही दोघांनी सांगितलं होतं तरीही. पुढची मूठ मागे ओढली, आत डोळ्याने पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं, नळीखालची काडतुसांची नळीही चाचपली. बाबांनी समाधानाने मान हलवली.

पंप ॲक्शन समजायला सोपी आहे. नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना ढकलत राहते. पुढची मूठ मागे ओढली की उडालेलं काडतूस बाहेर फेकलं जातं, पुढे ढकलली की नवं आत जातं. ज्या ‘खटाक्-खटाक्’ आवाजाने सिनेमातले चोर पळून जातात तो हाच. बारा बोअर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली, तर एका पौंडात तशा बारा होतात. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर.

आमच्या बंदुकीचं दुखणं रेक्झिनमध्ये होतं. ते कव्हर ओल धरतं. बाहेरून नळीवर तांबूस बुरशीसारखा गंज आला होता, तो तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने निघाला. कारागीर म्हणाला, बाहेरचा गंज दिसायला वाईट असतो, मारतो आतला. त्याने नळी उजेडाकडे धरून मला आत पाहायला लावलं. आतून नळीवर उजेडाची वर्तुळं सलग दिसली पाहिजेत. एखादं कुठे तुटलं किंवा फुगलेलं दिसलं, तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे, आणि ती नळी वापरायची नाही. आमची वर्तुळं सलग होती. स्प्रिंग मेली होती, ती बदलली. काडतूस ओढून काढणारा आकडा झिजला होता, तोही बदलला. दस्त्याला मनगटाच्या जागी तडा होता, तिथे नवा दस्ता बसवला. मग बारूद नसलेली डमी काडतुसं भरून वीसेक वेळा मूठ पुढेमागे केली. दोनदा अडकली. पुन्हा खोलली, पुन्हा घासली. बाबा स्टुलावर बसून हे सगळं बघत होते, गार्डसारखे.

कपाटातली जुनी काडतुसंही आम्ही नेली होती. पितळ हिरवं पडलेलं, दोनतीन फुगलेली. ती दुकानदाराने बाजूला काढली आणि नवी दिली, खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’. परवान्यावर नोंद झाली. काडतुसाची लांबी नळीवर कोरलेल्या मापाशी जुळते का, तेही त्याने मला वाचायला लावलं.

चाचणी रेंजवर झाली. पंधरा पावलांवर कागद, आणि बाबांच्या सांगण्यावरून कागदामागे प्लायवूडची जुनी फळी. पहिला बार बाबांनी काढला, दुसरा मी. खांद्याला झोंबलं, पण पडले वगैरे नाही. काडतूस मोठ्या छऱ्यांचं होतं. कागदावर छोट्या ताटलीएवढ्या जागेत भोकं होती. मग आम्ही फळीच्या मागे गेलो. मागेही भोकं होती, पुढच्यापेक्षा मोठी, कडांची लाकडं फाटलेली.

बाबा ती फळी बराच वेळ पाहत उभे राहिले. मला वाटतं आम्ही दोघं एकच गोष्ट पाहत होतो, पण वेगवेगळ्या घरांच्या भिंती डोळ्यांसमोर आणून. वडशाचं घर विटांचं आहे. हेमलकशातली माझी मागची खोली म्हणजे कुडाची भिंत, बांबूच्या तट्ट्यावर मातीचा लेप. त्या भिंतीपलीकडे घरमालकिणीची दोन मुलं झोपतात. रात्री त्यांच्यातला धाकटा खोकला तर मला ऐकू येतो. प्लायवूडची फळी जे अडवू शकली नाही, ते बांबू आणि माती अडवणार नाही.

आणि अडवायचं कुणाला? बाबांना वाटतं तसं अस्वल दार ठोठावत नाही. अस्वल आणि बाई यांची गाठ पडते मोहाखाली, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे, दोघंही फुलं वेचायला आलेली असताना. अस्वलाने चेहरा फाडलेली माणसं लोकबिरादरीच्या दवाखान्यात येत आली आहेत, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ती शिवत आले आहेत. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटेंनी प्रकल्प सुरू केला, त्यानंतर किती वर्षं तर तिथे वीजही नव्हती. घराच्या आत येऊन मारतात ते डास आणि मण्यार. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, कित्येकदा माणूस पहाटे पापण्या उघडेनात म्हणून घाबरतो. दोन्हींवर उपाय एकच, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी.

कायदा इथे बराचसा शहाणा आहे, असं माझं मत. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारलं तर तो गुन्हा नाही, पण मेलेलं जनावर सरकारचं. शेतात घुसलेल्या डुकरालाही परवानगीशिवाय मारता येत नाही. शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीची, म्हणजे आपल्या भरमारची, वेगळी सोय ठेवली आहे.

पण भरमारचं या जिल्ह्यात काय झालं, ते कायद्याच्या पुस्तकात नाही. १९८० पासून माओवादी इथे आले. तेव्हापासून घरात बंदूक असणं म्हणजे दोन बाजूंना आपलं दार माहीत असणं. एका बाजूला ती हवी असते, दुसरी तिचा हिशेब मागते. शरणागतीच्या बातम्यांत शस्त्रांची यादी वाचली की एके-४७ आणि एसएलआरच्या शेवटी ‘१२ बोअर’ आणि ‘भरमार’ असतातच. मला दरवेळी वाटतं, यातली कुणाच्या आजोबाची असेल?

‘आता संपलं ते,’ बाबा फोनवर म्हणाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, त्या आठवड्यातली गोष्ट. ‘आता काहून नाही म्हणतेस वो?’

‘बाबा, मी सकाळी सातला शाळेत जाते. दिवसभर खोलीला एक कुलूप असतं. त्या बंदुकीची राखण कोण करील?’

ते गप्प झाले. बँकेच्या दारावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. अर्ज मी भरला नाही. बंदूक वडशालाच आहे, आता सुती कापडात गुंडाळलेली, दर महिन्याला तेल लावलेली. पुढे तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही. दुकानदार घ्यायला तयार आहे, बाबा नाहीत.

नोव्हेंबरात ते हेमलकशाला आले. आलापल्लीपासूनच्या साठेक किलोमीटरमध्ये एसटीच्या खिडकीतून त्यांनी जे जंगल पाहिलं, त्याबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तर दाराखालच्या फटीत त्यांनी फळी ठोकली होती, कडी बदलली होती, मच्छरदाणीची दोन भोकं शिवली होती. बिजागरी कुरकुरत होती, तिच्यात नागपूरहून आणलेल्या बाटलीतलं बंदुकीचं तेल घालत होते.

‘रॉकेल घालायचं नसते इथं,’ ते म्हणाले. ‘गंज धरते.’