पत्र्यांचा खर्च आणि प्रभूचे आगमन

२०२२ च्या पावसाळ्यापूर्वी आमच्या मंडळीच्या बैठकीत एक साधा विषय होता : संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचे गळके पत्रे बदलायचे की नाही. एक वयोवृद्ध सभासद शांतपणे म्हणाले, "महामारी झाली, युद्ध पेटले, सगळी चिन्हे दिसताहेत. प्रभू दाराशी आला असताना पत्र्यांवर पैसा कशाला?" आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, तो वर्ग आम्हीच चालवतो. तरीही गप्प बसलो.

उत्तरे घरी आल्यावर सुचली (ती नेहमी घरीच सुचतात). थेस्सलनीका येथील मंडळीतही काहींनी कामधंदा सोडला होता. आगमन जवळ आले या समजुतीने, असे अनेक भाष्यकार मानतात. पौलाने त्यांना स्वकष्टाची भाकर खाण्यास बजावले. आगमनाची आशा मात्र तसूभरही कमी केली नाही. आणि पुण्याहून केडगाव तर काही फार लांब नाही. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली, मुली तासन्‌तास प्रार्थनेत बुडून गेल्या. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, छापखान्यात मुली खिळे जुळवीत होत्या. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली. वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे, असे त्यांना वाटले असते तर हिब्रू क्रियापदांशी इतकी वर्षे कोण झुंजले असते?

इथवर आम्ही स्वतःवर खूश होतो. त्याच आठवड्यात वर्गातला नववीचा एक मुलगा मागे रेंगाळला. त्याची आई आदल्या वर्षी कोरोनाने गेली होती. त्याने विचारले, "सर, आई पुन्हा भेटेल ना?" आम्ही त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा ते समजावून सांगितले. दर रविवारी मतांगीकार मोठ्याने म्हणणाऱ्या आम्हां दोघांना, येणाऱ्या प्रभूविषयी त्या पोरापाशी एक वाक्य बोलता आले नाही. काम इतके अंगवळणी पडले होते की ते कोणासाठी चालले आहे याचा विसर पडला होता.

त्याच्याशी बोलले ते पत्र्यांना विरोध करणारे गृहस्थ. चर्चच्या पायरीवर बसून, तासभर, पुनरुत्थानाविषयी.

पत्रे जूनमध्ये बदलले. त्या गृहस्थांनी विरोधातच मत दिले. मुलगा मात्र अजून रविवारी त्यांच्याच शेजारी बसतो.