घाव पडलेल्या रुपयाची पारख

होळकरी रुपयावर घाव दिसला की लोक हळहळतात. माझी नजर आधी त्या घावावरच जाते, कारण नाणं खरं की बनावट याचा पुरावा बरेचदा तिथेच असतो.

इंदुरात पारखीला येणारे बरेचसे रुपये मल्हारनगर टाकसाळीचे. मल्हारनगर म्हणजे इंदूरच. त्यांच्यावर सूर्यमुख असतं. अहिल्याबाईंच्या महेश्वर टाकसाळीच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपान. मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलमचं. हा बादशहा १८०६मध्ये वारला, तरी त्याचं नाव होळकरांच्या रुपयांवर पुढे कित्येक दशकं चालत राहिलं. म्हणून वय ठरवायला हिजरी सन वाचावा लागतो, आणि नेमका तोच अनेकदा चकतीबाहेर गेलेला असतो. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. कारागीर हातोडा मारी आणि चकतीवर मावेल तेवढाच मजकूर उमटे. अर्धवट अक्षरं ही या रुपयांची जन्मखूणच आहे.

नकली माल पकडायला हीच गोष्ट कामी येते. हाताने ठोकलेल्या दोन रुपयांवर ठसा तंतोतंत सारखा बसत नाही. दोन रुपयांवर तेच अक्षर त्याच जागी तुटलेलं आणि तोच ओरखडा त्याच कोनात दिसला, तर त्यांतला निदान एक तरी साच्यातून ओतलेला आहे. दहापट भिंगाखाली ओतीव नाण्यावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट वाटतात, कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा सापडतात.

मग सराफी छाप. जुन्या काळी सराफ रुपया पारखून त्यावर आपली बारीक खूण ठोकीत. आज ग्राहकाला ती खूण म्हणजे डाग वाटतो. मला ती दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या पारख्याची साक्ष वाटते. छाप खोल असेल तर आतला धातू दिसतो: मुलामा असेल तर तांब्याची लाली तिथेच उघडी पडते. खऱ्या छापाच्या कडा हाताळून गोल झालेल्या असतात आणि त्याच्या आतही बाकीच्या नाण्यासारखाच काळपटपणा असतो. नाणं जुनं आणि छाप चकचकीत असेल, तर मी थांबतो.

त्यानंतर तराजू. होळकरी रुपया साधारण ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. समजा तो हवेत ११.२० ग्रॅम भरला आणि दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवल्यावर १०.११. फरक १.०९, हवेतल्या वजनाला त्याने भागलं की घनता १०.२८ येते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, म्हणजे थोडं तांबं मिसळलेल्या चांदीला हा आकडा शोभतो. पण शिसं आणि हलका धातू मोजून मिसळले तरी हाच आकडा आणता येतो, आणि कडी डाखलेल्या नाण्यात डाखही मोजला जातो. सराफ्यातलं क्ष-किरणांनी धातू तपासणारं एक्सआरएफ यंत्र पृष्ठभागाच्या पातळ थरापुरतंच बोलतं. म्हणून एका चाचणीवर मी निकाल देत नाही. ठसा, झीज, छाप आणि वजन यांची साक्ष जुळावी लागते.

किंमत हा वेगळा प्रश्न. नेहमी आढळणाऱ्या सूर्यमुखी रुपयाला दागिन्यात ओवण्यासाठी पाडलेलं भोक असेल तर तो चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाही. यशवंतराव होळकरांचा शके १७२८चा संस्कृत श्लोकांचा रुपया मात्र भोक असूनही मोठ्या किमतीचा, कारण तो दुर्मीळ आहे. त्याच्या नकलाही त्याच कारणाने निघतात. भोक बुजवून, घासूनपुसून विकायला काढलेल्या नाण्यापेक्षा उघड भोकाचं नाणं मी केव्हाही पसंत करीन. त्याने काही लपवलेलं नसतं.

सर्वांत मोठं नुकसान आपणच करतो, तेही लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावून रुपया लखलखीत केला की झिजेचा आणि काळपटपणाचा पुरावा धुऊन जातो आणि अक्षरांवर ओरखडे उमटतात. पूजेला तो काळाच ठेवा. फार तर साध्या पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपा, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. परदेशी असलेल्या मुलांना भेट म्हणून पाठवण्याचा विचार असेल, तर १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, हेही ध्यानात ठेवा. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

आणि एक चिठ्ठी लिहा: हा रुपया कोणाकडून आला, कुठल्या गावाहून, कोणत्या साली. भिंग आणि तराजू मला धातू आणि टाकसाळ सांगतात. तो तुमच्या घरी कसा आला, ते तुमच्यावाचून दुसरं कुणी सांगू शकत नाही.