माप कोणाचे?

मराठीत 'गिनीपिग' हा शब्द प्राण्यासाठी क्वचितच वापरला जातो. अग्रलेखांत आणि भाषणांत तो येतो तो उपमा म्हणून. नवा अभ्यासक्रम आला की विद्यार्थ्यांचे गिनीपिग होतात, नवी योजना आली की शेतकऱ्यांचे. ज्याच्यावर दुसऱ्याच्या हितासाठी प्रयोग होतो, तो गिनीपिग. शब्द इतका रुळला आहे की त्यामागे अँडीज पर्वतात माणसाळवला गेलेला, गवत खाणारा, कोथिंबिरीच्या जुडीचा नुसता आवाज ऐकून शीळ घालणारा एक लहानसा जीव उभा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

उपमा निराधार मात्र नाही. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, तो या प्राण्यावरील प्रयोगांच्या बळावर. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही झाला. माणसाप्रमाणे गिनीपिगच्या शरीरातही 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. त्या एका उणिवेमुळे दोघांचे नाते जुळले आणि माणसाच्या दुखण्याचे माप या प्राण्याच्या देहावर घेतले जाऊ लागले.

आमच्या सावेडीतल्या घरी ठकी आली तेव्हा यातले काही मनात नव्हते. पाय पोटाखाली घेऊन बसली की ती जुन्या लाकडी ठकीसारखी दिसे, म्हणून हे नाव. साडेचार वर्षांची असताना, गेल्या वर्षी, तिचे वजन उतरू लागले. थंडीत ९४० ग्रॅम भरलेली ठकी उन्हाळ्याच्या तोंडावर ७६० ग्रॅमवर आली. आणि या सर्व काळात ती पूर्वीपेक्षा अधिक खात होती, अधिक पाणी पीत होती, रात्री पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होती. दुखणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मलूल, अन्नावरची वासना उडालेला रोगी येतो. हे दुखणे उत्साहाचा वेष घेऊन आले होते.

नगर हा गाईगुरांचा जिल्हा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तीन जातींच्या संकरातून घडवलेली 'फुले त्रिवेणी' गाय इथल्या गोठ्यांत माहितीची आहे. इथल्या पशुवैद्यकाचा हात गाई-म्हशींवर आणि फार तर कुत्र्या-मांजरांवर बसलेला असतो. तरीही शहरातल्या डॉक्टरांनी ठकीला नीट तपासले. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि वजन घटले की पहिला संशय त्यांच्यावरच जातो. दात ठीक होते. गळ्याशी मात्र बोटाला एक बारीक गाठ लागत होती. त्यांनी स्वच्छ सांगितले, "सर, हे माझं क्षेत्र नाही. पुण्याला दाखवा." जिथे ज्ञान संपते तिथे थांबण्याचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटला.

पुण्याच्या डॉक्टरांना थायरॉइडचा, म्हणजे कोशात जिला अवटुग्रंथी म्हटले आहे तिचा, संशय आला. वयस्क गिनीपिगमध्ये या ग्रंथीच्या गाठी आढळतात आणि त्यातल्या काही गाठी संप्रेरक बेसुमार स्रवू लागतात. हृदय धावते, देह स्वतःलाच जाळतो, खाल्लेले अंगी लागत नाही. थेंबभर रक्त मोठ्या कष्टाने मिळाले आणि ते माणसांच्या प्रयोगशाळेत गेले. त्यात गैर काही नव्हते. थायरॉक्सिनचा रेणू माणसात आणि गिनीपिगमध्ये एकच असतो.

अहवाल आला. थायरॉक्सिन ७.८ मायक्रोग्रॅम. शेजारी छापील मर्यादा, ४.५ ते १२. म्हणजे सर्व काही ठीक.

डॉक्टरांनी पेन काढून ती छापील मर्यादा खोडली. ती माणसाची होती. निरोगी गिनीपिगमध्ये हा आकडा साधारणपणे १ ते ५ च्या दरम्यान राहतो. त्या मापाने ठकी उघड आजारी होती. आकडा खरा, यंत्र अचूक, कागद अधिकृत. आणि तरीही त्या कागदावरचा निष्कर्ष ठकीपुरता खोटा होता. आपण साहित्याच्या वर्गात 'निकष' हा शब्द सहज उच्चारतो. निकष म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड. त्या दगडावर चांदी घासली तर दोष चांदीत निघत नाही, हे मला त्या खोडलेल्या ओळीने जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही समीक्षाग्रंथाने दिसले नव्हते.

उपचाराचे मार्ग तीन. शस्त्रक्रिया करावी, तर एवढ्या जिवाला भूल देण्याचाच धोका मोठा. किरणोत्सारी आयोडीन द्यावे, तर ती सोय आमच्या आवाक्यात नव्हती. उरली रोजची गोळी, कार्बिमाझोल. माणसांना दिली जाते तीच. ती गाठ विरघळवत नाही, नव्या संप्रेरकाची निर्मिती तेवढी रोखते. शरीरात साठलेले संप्रेरक सरायला दोन-तीन आठवडे जातात आणि गोळी थांबवली की दुखणे परततेच. याला बरे करणे म्हणता येत नाही. मराठीत 'दुखणे सांभाळणे' असा एक प्रयोग आहे, तोच इथे चपखल बसतो.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली, तेव्हा दुकानदाराने विचारले, "पेशंटचं नाव?"

"ठकी."

"वय?"

"साडेचार."

"एवढ्या लहान मुलीला थायरॉइड?" त्याच्या आवाजात खरी हळहळ होती. प्राणी आहे म्हटल्यावर तो हसला नाही, हे नमूद केले पाहिजे.

मात्रा ठरवणे हा खरा पेच होता. मांजरातला हा आजार १९७९ पासून पशुवैद्यकाला परिचित आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गिनीपिगसाठी आधार आहे तो थोड्या प्रकाशित नोंदींचा आणि मांजरावरून बांधलेल्या अंदाजांचा. प्रयोगाच्या पात्राला ज्याचे नाव मिळाले, त्या प्राण्याच्या स्वतःच्या दुखण्यावर मोठ्या चाचण्या झालेल्याच नाहीत. तो शंभराहून अधिक वर्षे इतरांसाठी प्रयोगशाळेत राहिला, स्वतःसाठी फारसा नाही.

म्हणून रोजचा क्रम महत्त्वाचा. हातमोजे घालून गोळी कुटायची, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पातळ करायची, सुई नसलेल्या सिरिंजने सकाळ-संध्याकाळ ओठाच्या कोपऱ्यातून द्यायची. वाळलेले गवत सतत समोर हवे. गिनीपिगचे आतडे थांबले की जीव धोक्यात येतो आणि औषधाने भूक मंदावली तर तेच प्रथम घडते. ढोबळी मिरचीची फोड 'क' जीवनसत्त्वासाठी. नगरचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा बसायला गार फरशीचा तुकडा. आणि ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, वहीत तारीखवार.

शेजारच्या काकांनी एकदा विचारले, "एवढ्याशा जिवापायी एवढा खटाटोप?" प्रश्न कुत्सित नव्हता. त्यांच्या गावची जनावरे २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत राहिली होती. ज्या जिल्ह्यात गाईला पेंढी मिळण्यासाठी रांग लागते, तिथे एका गिनीपिगचे ग्रॅम मोजणे शोभते का, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच दिसते की गाईचे माप आपण लिटरमध्ये घेतो, बैलाचे औतामध्ये, आणि ज्याचे उत्पन्नच नाही त्या जनावरासाठी माप शिल्लक राहत नाही. छावणीत स्वतः उपाशी राहून भाकड गाय जगवणारे लोक काकांनी पाहिले होते. ते मला त्यांनीच सांगितले आणि मग तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या महिन्यात वजन ८१० झाले, चौथ्यात ८५५. थायरॉक्सिन ४.१ वर आले. त्या अहवालातही छापील मर्यादा माणसाचीच होती आणि तिच्यानुसार ठकीचे संप्रेरक आता 'कमी' होते. आकड्यापुढे तसा ठळक बाण छापलेला होता.

परवा पुण्याच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे असाच दुसरा गिनीपिग आला आहे, चार वर्षांचा. ठकीची वही पाठवता येईल का, असे ते विचारत होते. तारखा, मात्रा, वजने असे सगळे. मी पानांची छायाचित्रे काढून पाठवली. उद्या त्या दुसऱ्या प्राण्याची मात्रा ठरताना मांजराच्या आकड्यांशेजारी ठकीचेही आकडे असतील.